गोपिकेचा पहारा

आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी गोपिका आली तेव्हा मी नववीत होते. १९६५ सालची संक्रांत नुकतीच झाली होती. तिच्यासोबत सत्तरीचे एक गृहस्थ होते, मारोतराव. माझे वडील मार्तंडराव पूर्वी कुहीला मास्तर होते, तेव्हाची त्यांची ओळख. मारोतरावांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि व्हरांड्यात बसून आईला आणि बाबांना बराच वेळ काहीतरी सांगितलं. सांगताना ते दोनदा रडले. म्हातारं माणूस असं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून दाराआडून हलले नाही. जिच्याबद्दल ते बोलत होते ती मात्र पायरीवर पाठ करून बसली होती आणि आमच्या पेरूच्या झाडाकडं बघत होती.

त्या दिवशी जे ऐकलं ते, आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत गोपिकेनं तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते, असं जोडून ही हकिकत लिहिते आहे.

गोपिका कुहीकडच्या एका धानाच्या गावची. पंधराव्या वर्षी तिचं लग्न कळमेश्वरजवळच्या गावात झालं. आठ वर्षं मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्यानं दुसरी बायको केली. मारहाण वगैरे काही झाली नाही. ती सांगायची, "नवी आली त्या दिवशी मी चुलीपुढं बसली होती. सासू म्हने, ऊठ, तिले बसू दे. मंग खाटेवरून उठ, मंग ओसरीवरून उठ. उठता उठता एक दिवस मी मोटारीत बसली आन् भावाकडं आली."

भाऊ म्हणजे शालिकराम. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला त्यानं ठेवून घेतलं, दोन वेळा खायला घातलं. पण घर त्याची बायको सुभद्रा चालवायची, आणि त्या घरात गोपिकेला बसलेली कुणी पाहू शकत नसे. ऊठ, पाणी आण. ऊठ, बैल सोड. ऊठ, धाकटीला घे. ती करत होती. फक्त दुपारची घटकाभर ती गावच्या विठोबाच्या देवळात जायची. झाडून घ्यायची, समया पुसायची आणि मागच्या खांबाला टेकून बसायची. मी एकदा विचारलं, "देवाजवळ काय मागायचीस?" ती म्हणाली, "मागत काय होती, सावली होती तिथं."

त्या देवळात दर मार्गशीर्षात सप्ताह बसायचा. सात दिवस अखंड नाम चाले. सप्ताह सुरू झाला की वीणा खाली ठेवायची नाही, हा तिथला नेम. कुणीतरी ती गळ्यात अडकवून उभं राहायचं, तार छेडायची, देवाचं नाव घ्यायचं. दोन-दोन तासांनी माणूस बदले. त्याला पहारा म्हणत. पहारा घेणारा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून येई, ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पाया पडे आणि मग वीणा आपल्या गळ्यात घेई. समोरचा वयानं लहान असला तरी पाया पडायचंच. कुणाचा पहारा कधी, हे देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे. नावं अर्थात पुरुषांची. सप्ताहाचे कर्ते होते बापूजी, गावातले वजनदार शेतकरी. फळा तेच लिहायचे.

१९६४ च्या सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळी दहापासून मारोतरावांचा पहारा होता, बारापासून शालिकरामचा. अकराच्या सुमारास आभाळ काळं झालं. त्या दिवसांत धान कापून वावरात आडवं पडलेलं असतं. भारे बांधायचे, ते एकावर एक ठेवून पुंजणं रचायचं राहिलेलं असतं. पाऊस लागला तर दाणा काळा पडतो, वर्ष हातचं जातं. देवळात टाळ वाजवत बसलेली माणसं एकेक करून उठली. बायकाही विळे-दोर घेऊन वावराकडं पळाल्या. बारा वाजले तेव्हा पावसाला तोंड लागलं होतं आणि देवळात एकटे मारोतराव उभे होते.

गोपिका आपल्या रोजच्या वेळेला झाडायला आली. सुभद्रेनं तिला घर राखायला ठेवलं होतं, पण तेवढ्यात झाडून येऊ म्हणून ती आली. मारोतरावांना दम्याचा त्रास होता. पहारा संपून तास उलटला होता आणि त्यांचे पाय लटपटत होते.

"गोपिके, बाहेर कोन हाय वं?"

"कोनी नाही जी. समदे वावरात गेले."

"शालिक?"

"भाऊ बी गेला."

"मंग तू घे. माह्यानं आता होत नाही. डोळ्यापुढं अंधारून राहिलं."

"मी कशी घेऊ जी? बाईमानूस मी. आन् त्यातही..."

मारोतराव म्हणाले, "खाली ठेवू का मंग? तू सांग, ठेवतो."

तिनं झाडणी भिंतीशी ठेवली. वळचणीतून पाण्याची धार लागली होती, तिच्याखाली हातपाय धुतले, तोंड धुतलं, पदर खोचला. मारोतरावांच्या पाया पडली आणि वीणा घेतली. मारोतराव तिथंच सतरंजीवर आडवे झाले.

गोपिकेनं आयुष्यात कधी वीणेला हात लावलेला नव्हता. तार कधी जोरात वाजे, कधी वाजतच नसे. तोंडातून शब्द फुटेना. मारोतराव पडल्यापडल्या म्हणाले, "म्हन वं, इठ्ठल इठ्ठल म्हन. तेवढंच हाय." मग ती म्हणू लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. एक बकरी आत येऊन दाराशी अंग झटकत उभी राहिली, तिला हाकलायलाही कुणी नव्हतं.

दुपार कलल्यावर सुभद्रा ओलीचिंब होऊन देवळाच्या दारात आली. घरात पाणी शिरलं होतं आणि घर राखणारी घरात नव्हती. "गोपिके, चाल, इथं काय करून राहिली—" एवढं बोलून ती थांबली. गोपिकेच्या गळ्यात वीणा होती. सुभद्रा थोडा वेळ तशीच उभी राहिली, पदरातून पाणी गळत. मग एकही शब्द न बोलता परत गेली.

दिवे लागायच्या वेळेला माणसं आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हात कापलेले. धान बरंचसं वाचलं होतं, त्याचा आनंद तोंडावर होता. देवळात पाऊल टाकलं आणि तो आनंद जागच्या जागी थिजला. अंगावर चिखल असताना वीणा घेता येत नाही, म्हणून सगळे आधी विहिरीवर गेले. आंघोळी करून, कोरडं नेसून पुन्हा आले आणि ओळीनं उभे राहिले. पुढं कुणी होईना. वीणा घ्यायची तर तिच्या पाया पडावं लागणार होतं. नवऱ्यानं टाकलेल्या, भावाच्या दारी भाकर खाणाऱ्या बाईच्या.

बापूजींनी शालिकरामकडं पाहिलं. शालिकराम फरशीकडं पाहत होता. गोपिका नाव घेतच होती. ती थांबू शकत नव्हती. शेवटी बापूजी म्हणाले, "मारोतराव, उठता येते का जी? तुमी घ्या तिच्याजवळून. मंग तुमच्यापासून शालिक घेईल."

मारोतराव खांबाला धरून उठले. कंबरेत वाकले आणि गोपिकेच्या दोन्ही पायांना हात लावून तो हात कपाळाला लावला. वीणा त्यांच्या गळ्यात दोन मिनिटं राहिली असेल. मग शालिकराम त्यांच्या पाया पडला आणि सप्ताह पुढं सुरू झाला. फळ्यावर बारा ते सहाच्या रकान्यात बापूजींनी मारोतरावांचं नाव लिहिलं.

घरी आल्यावर शालिकरामनं विचारलं, "काहून उचलली तू?"

"पहारा तुयाच होता न भाऊ," गोपिका म्हणाली.

तो बैलांना चारा टाकायला गेला. सुभद्रेजवळ मात्र बोलायला होतं, आणि ते पुढं कित्येक दिवस पुरलं.

सप्ताह संपताना, काल्याच्या दिवशी, कीर्तनाला बाहेरगावचे बुवा आले. बापूजींनी त्यांना फळा दाखवला. सत्तर वर्षांचा दमेकरी म्हातारा आठ तास वीणा घेऊन उभा राहिला, हे देवाचं बळ नाही तर काय, असं बुवांनी कीर्तनात रंगवून सांगितलं. मारोतरावांना समोर बोलावून त्यांच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. लोकांनी गजर केला. ज्यांना खरं माहीत होतं तेही गजर करत होते. मारोतरावांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. गोपिका मागं बसली होती. "तोंड उघडलं होतं जी मी," आमच्या व्हरांड्यात ते बाबांना म्हणाले, "पन आवाज निंघाला नाही. मले भेव वाटलं. बापूजीचं नाही, त्या गजराचं."

दुसऱ्या दिवशी ते हार आणि नारळ घेऊन शालिकरामच्या अंगणात गेले. नारळ गोपिकेपुढं ठेवून म्हणाले, "हे तुयं हाय." तिनं नारळ फोडून भावाच्या पोरींना वाटला. हार बैलाच्या शिंगांना बांधला. मारोतरावांना त्यानं काही बरं वाटलं नाही. ते रोज येऊन बसू लागले, आणि सुभद्रेचं बोलणं रोज ऐकू लागले. शेवटी एक दिवस म्हणाले, "नागपूरले माह्या वळखीचे मास्तर हायेत, चांगले लोक हायेत. येतेस का?" शालिकरामनं नको म्हटलं नाही. मोटारीच्या तिकिटाला पैसे दिले आणि घरामागं निघून गेला.

अशी ती आमच्याकडं आली. माझी आई यमुताई कडक शिस्तीची होती. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात असल्याचा तिला अभिमान होता, आणि स्वयंपाकघरात कुणाला येऊ द्यायचं याचे तिचे नियम होते. पहिलं वर्षभर गोपिका वरकामालाच होती. मग आईला टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात होती, तेव्हा गोपिकेनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं ते कायमचं. राहायला तिला मागची खोली दिली होती. तिथं कोनाड्यात विठोबाची एक तसबीर, बाकी काही नाही. उपास ती फारसे करत नसे. आई म्हणायची, "तुझ्यासारखीनं एकादशी तरी धरावी." गोपिका म्हणायची, "धरतो न बाई, पन काम करता करता भूक लागते." आणि खायची.

आईचं एक भजनी मंडळ होतं. एकादशीला दुपारी चारला आमच्या बैठकीत पंधरा-वीस बायका जमत. मारोतरावांनी सांगितलेली गोष्ट आईनं मंडळात कधीच सांगून टाकली होती, आणि सांगताना ती थोडी थोडी वाढत गेली होती. पाच तासांचे सात तास झाले होते. १९७१ च्या आषाढात मंडळानं ठरवलं की आपणही एक दिवस सूर्योदय ते सूर्यास्त अखंड नाम करायचं, वीणा घेऊन. त्याच्या आधीच्या बैठकीत बायकांनी गोपिकेला चहाच्या ट्रेसकट थांबवून घेतलं. "आता आम्हाला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. काय अनुभव आला तुला त्या वेळी?"

गोपिकेनं ट्रे खाली ठेवला. "हात दुखले जी."

बायका हसल्या. "ते झालं गं. पण काही दिसलं? काही आवाज, उजेड? अंग हलकं झालं असेल ना?"

"नाही जी. अंग जड झालं होतं. मुंग्या आल्या होत्या पायाले."

"मग एवढे तास उभी कशी राहिलीस? देवानंच धरलं ना तुला?"

गोपिकेनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माही वैनी बलवाले आली होती. रोज ऊठ म्हने, चाल म्हने. त्या दिवशी आली आन् मले पाहून वापस गेली. काहीच नाही म्हनली. तवा मले समजलं का आता मले इथून कोनी उठवू शकत नाही. जन्मात पैल्यांदा. एवढंच झालं जी. दुसरं काही नाही झालं."

मागून कुणीतरी हळूच "एवढंच?" म्हणालं. गोपिकेनं कप गोळा केले आणि आत गेली.

आईला ते लागलं. बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "जरा बरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? लोकांची श्रद्धा वाढते त्यानं."

गोपिका भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तसं एक डाव झालं न गावात, बाई. मारोतराव हार घालून बसले होते. लोकांची श्रद्धा वाढली, आन् त्यायचा जीव खालावला. उन्हाळ्यात गेलेच ते."

त्या रात्री जेवताना आईनं बाबांना तेच दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा गोपिकेच्याच शब्दांत, काही न वाढवता.

दोन दिवसांनी आई मंडळाची यादी करायला बसली. सकाळी सहापासून तासातासाची नावं. मी कॉलेजातून येऊन तिथंच वाचत होते. गोपिका दारात येऊन उभी राहिली. "बाई, मले एक पहारा लिहा न."

सहा वर्षांत तिनं आईकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही. आईनं चष्म्यावरून पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मंडळातल्या दोघीतिघी नाकं मुरडणार होत्या: घरची स्वयंपाकीण, त्यात टाकलेली. शिवाय त्या दिवशी वीस बायकांचा फराळ कोण करणार होतं?

"फराळाचं?" आईनं विचारलं.

"पहाटंच करून ठेवतो. मले दुपारचा बाराचा द्या. जेवायच्या टायमाले कोनी नसते."

आईनं बारासमोर लिहिलेलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथं शाईनं 'गोपिकाबाई' असं लिहिलं. 'बाई' लावून. आपलं नाव तिनं एकला घातलं.

त्या दिवशी मी मुद्दाम घरी राहिले. माझा या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता, आजही नाही. बारा वाजता बायका फराळाला बसल्या आणि बैठकीत गोपिका वीणा घेऊन उभी होती. धुतलेलं हिरवं लुगडं, ओले केस. ऐकायला मी एकटी. तिचा सूर काही चांगला नव्हता. पण आमच्या घरात वाकून, भिंतीकडेनं वावरणारी ती बाई त्या तासाभरात खोलीच्या मधोमध उभी होती, आणि मी जागा बदलून भिंतीला टेकून बसले होते. एकला आई आली. तिचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. ती अर्धी वाकली, हात पायांपर्यंत पोचला नाही. गोपिकेनं घाबरून तिची कोपरं धरली. दोघी क्षणभर तशाच अडकून राहिल्या, आणि आई हसायला लागली. मंडळातली एक जण पुढच्या एकादशीपासून यायची बंद झाली. आईनं तिला बोलवायला माणूस पाठवला नाही.

शालिकराम अठरा वर्षं आमच्याकडं आला नव्हता. दिवाळीला पत्र यायचं, ते मी वाचून दाखवायचे. १९८३ मध्ये त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी तो नागपूरला आला आणि आठवडाभर गोपिकेच्या खोलीत राहिला. डोळ्यावर पट्टी बांधलेला, वाळलेला माणूस. गोपिका त्याला हाताला धरून अंगणात आणायची, पेरूखाली खुर्चीवर बसवायची आणि घास भरवायची.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. त्याला मी आहे हे दिसत नव्हतं.

"गोपिके, त्या दिवशी मले याद होती."

"कोन्या दिवशी गा?"

"सप्त्याच्या. बारा वाजले, माहा पहारा लागला, हे मले वावरात याद होतं. मी म्हनलं, धान पाहू का देव पाहू. धान पाह्यलं. मंग त्याच धानाचा भात तुले वाढला आन् वरून बोललो बी."

गोपिका त्याच्या हनुवटीला लागलेलं वरण पुसत होती. "धान वाचवनं बी कामच होतं. घरात सात तोंडं होती."

"ते ठीक हाय. पन संध्याकाळी तरी मी पुढं यायले पायजे होतं. लहान बहीन हायेस, तुया पाया पडलो असतो तर काय झालं असतं?"

"बापूजी रागावले असते."

"रागावले असते," शालिकराम म्हणाला. आणि पट्टीखाली डोळ्यांत पाणी येऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यामुळं गोपिका त्याला एकदम दटावून म्हणाली, "चूप बस आता. डोळा खराब करतोस काय?"

त्या मार्गशीर्षात तो तिला सप्ताहाला घेऊन गेला. ती तीन दिवस राहिली आणि नव्या तांदळाचं पोतं घेऊन परत आली. मी विचारलं, "दिली का गं वीणा?" ती म्हणाली, "नाही. मी बी मांगितली नाही. तिथं आता माइक आला, लय मोठ्यानं वाजते." सुभद्रेबद्दल विचारलं तर म्हणाली, "तिचे पाय सुजून राहिले. रोज तेल लावून दिलं." मग पोत्याचं तोंड सोडून तांदूळ तळहातावर घेतला आणि आईला म्हणाली की हा नवा आहे, चिकट होईल, होळीपर्यंत काढायचा नाही.

आई १९८६ मध्ये गेली. मंडळ गोपिकेनं चालवलं असं म्हणता येणार नाही. तिला लिहितावाचता येत नव्हतं. दर आषाढातल्या अखंड नामाच्या दिवसाची यादी मी करायचे, ती नुसती सांगायची. शेजारी एक बँकेत नोकरी करणारी नवी सून आली होती, चारुशीला. तिनं त्या वर्षी पहिल्यांदा पहारा मागितला आणि आदल्या दिवशी घाबरून विचारायला आली की आपल्याला तर काही येत नाही, देवाचंही नीट काही माहीत नाही. गोपिका तेव्हा शेंगा सोलत होती. ती उठली, हात पुसले, वीणा खुंटीवरून काढून चारुशीलाच्या गळ्यात अडकवली आणि तिची बोटं धरून तारेवर ठेवली. "आवळून धरजो नोको, मनगट दुखते. वजन खांद्यावर जाऊ दे. एका पायावर उभी राहू नोको. आन् तहान लागली तर मले आवाज दे, मी पानी पाजतो."